भित्र्यांचं इंग्रजी

मी जन्माची भित्री. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या जिन्यात भरदिवसा काळोख असायचा. शाळेतून आले की मी खालूनच ओरडायची, "वर कोण आहे?" कोणी ओ दिली तर हा कोण म्हणून घाबरायची, आणि नाही दिली तर का नाही दिली म्हणून घाबरायची. लग्न होऊन वाडीतल्याच दुसऱ्या इमारतीत गेले ती ही भीती बरोबर घेऊनच. गॅसचा वास, अवेळी वाजलेली बेल, क्लासहून यायला मुलीला झालेला उशीर, मला काहीही पुरायचं. माझे यजमान, अरविंद, बँकेत होते. ते म्हणायचे, "एखाद्या दिवशी तुला भीती वाटली नाही ना, तर त्या काळजीनेच तू आजारी पडशील."

अशा बाईने उभं आयुष्य लोकांना चारचौघांत इंग्रजी बोलायला शिकवण्यात घालवलं, हे कळलं की नवीन माणसं हसतात. त्यांना वाटतं, बोलायला शिकवणारी म्हणजे धीट असणार. छे! माझा सगळा धंदाच मुळात भीतीवर चालला. ज्याला भीती वाटत नाही तो माझ्याकडे कशाला येईल?

धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असा निरोप एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडून आला. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की त्यांच्याआधी एक दुपार येऊन समोर उभी राहते. तेव्हा थोड्या गमती सांगते आणि मग त्या दुपारकडे जाते. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आधी मी काय शिकवायचे ते सांगते. गिरगावातल्या शाळेत व्याकरण शिकवून झाल्यावर मी दादरला एका लग्नाच्या हॉलमागची खोली घेऊन वर्ग काढला. परळ-लालबागकडे गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहात होत्या आणि त्यांत आपली मराठी मुलं नोकरीला लागत होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. शब्द येत होते, वाचता येत होतं. पण साहेबासमोर आपलं मत सांगायची वेळ आली की दोनच तऱ्हा. एक तर तोंडाला कुलूप, नाही तर धाडकन "यू आर राँग, सर". आणि मग साहेबाचा चेहरा बघून पुढचे सहा महिने परत कुलूप.

आता गंमत बघा. हीच मुलं मराठीत मत किती बेताने मांडतात! "नाही म्हणजे, मला आपलं वाटलं हं, आमटीत मीठ जरा जास्त झालंय की काय." या वाक्यात मिठाचा एक शब्द आहे, बाकी सगळी माघार. सासूसमोर आणि शेटसमोर बोलून बोलून आपण हे पिढ्यान्‌पिढ्या घोटलंय. पण इंग्रजी बोलायला लागलं की हे 'आपलं', 'जरा', 'हं', 'की काय' सगळं घरी राहतं. कारण इंग्रजीत त्यांना शब्दाला शब्द नाही. इंग्रजांनी ते काम छोट्या छोट्या मदतनीस क्रियापदांवर सोपवलंय. मे, माइट, कुड, वुड, शुड. मोठ्या क्रियापदाच्या आधी यातलं एक उभं केलं की मत एकदम नरम पडतं. "धिस इज राँग" म्हटलं की भांडण. "धिस माइट नॉट बी राइट" म्हटलं, की हे कदाचित बरोबर नसेलही, असा सूर लागतो. मुद्दा तोच राहतो, पण समोरच्याला पळायला वाट राहते आणि वेळ आली तर आपल्यालाही.

मी फळ्यावर जिना काढायची. सगळ्यात वर मस्ट, म्हणजे असलंच पाहिजे. खाली खाली येत शुड, मे, कुड, आणि तळाला माइट, म्हणजे असलं तर असेल बाबा. वर्गाला सांगायची, साहेबाशी बोलताना तळाच्या पायरीवर उभं राहायचं. तिथून पडलं तरी लागत नाही. मुलं हसायची आणि वहीत जिना काढून घ्यायची.

काही जण तर इतकं शिकले की पंचाईत झाली. एकाची बायको थेट वर्गावर आली. "मॅडम, ह्यांना विचारलं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं? तर म्हणतात, दोन्ही चांगल्या असू शकतील. पाहुण्यांना किती वाजता बोलवू? तर म्हणतात, संध्याकाळी बरं पडावं. ऑफिसात घाबरतात ते ठीक आहे हो, घरात कोणाला घाबरतायत?" मी तिला चहा पाजला आणि नवऱ्याला तेवढ्यापुरतं घरी मराठीतच बोलायला सांगितलं.

आणि एक होते लालबागचे मसालेवाले. तिथे त्यांची मसाला कुटायची गिरणी. मिरच्यांची पूड अंगावर घेऊनच वर्गात यायचे, की पहिल्या बाकावरची पोरं शिंकायला लागायची. त्यांच्या मसाल्याला परदेशातून मागणी आली होती आणि तिथल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं होतं. मी शिकवलं, गिऱ्हाईक तिखटाचं विचारेल, तेव्हा म्हणायचं, "इट माइट बी अ लिटल हॉट." थोडं तिखट वाटू शकेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मसाल्यात भुसा मिसळायला सांगतेय. "बाई, ह्या काय माका जमाचा नाय. तिखट आसा तर तिखटच म्हणतलंय. उद्या त्येची जीभ भाजली तर तो माकाच शिव्या घालतलो!" पुढच्या आठवड्यापासून ते आलेच नाहीत. जाताना मला मसाल्याची पुडी देऊन गेले. ती खरंच जाळ तिखट होती.

या सगळ्या भित्र्यांत सगळ्यात जास्त भित्र्या मला भेटल्या त्या हॉस्पिटलात. परळच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलने, नाव नको, नर्सेससाठी माझा वर्ग ठेवला. तळघरात कँटीनशेजारी एक खोली. ड्यूटी संपवून त्या मुली यायच्या, पाय चेपत बसायच्या. नर्सचं काम तसं बघितलं तर काय आहे? डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात. पेशंटजवळ सतत नर्स असते. काही बिघडलं की तिला आधी दिसतं. पण औषध डॉक्टरने ठरवायचं, म्हणजे जे दिसलं ते डॉक्टरच्या कानावर घालणं आलं. आणि तिथे घोडं अडायचं. मोठ्या डॉक्टरला फोन करायचा म्हटलं की या मुलींच्या हाताला घाम फुटायचा. सरांची झोप मोडली तर? सर म्हणाले, तू डॉक्टर आहेस का, तर? हॉस्पिटलचं म्हणणं असं की मुलींनी बोलावं, पण सीनियर डॉक्टरांना राग येणार नाही असं बोलावं. म्हणजे माझाच विषय.

रोहिणी मला त्या वर्गात भेटली. भोईवाड्यातली मुलगी. तिची आई देवळाबाहेर हार-फुलं विकायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "घ्यायचा तर घ्या, नाहीतर हात लावून मळवू नका." लेकीने तीच बोली उचललेली. राउंडच्या वेळी एका मोठ्या डॉक्टरांनी एका पेशंटला घरी सोडायला सांगितलं, तर ही नातेवाइकांसमोर म्हणाली, "नो सर, ही इज नॉट फिट. नाही सोडायचं." तो पेशंट खरोखरच घरी जाण्यासारखा नव्हता, पण ते कोणी विचारलंच नाही. रोहिणीला वॉर्डातून काढून चादरी मोजायच्या खात्यात टाकलं. कित्येक महिने ती तळमजल्यावर उशांच्या खोळी मोजत होती. मेट्रन मला म्हणाल्या, "मुलगी हिरा आहे हो, फक्त तोंडाने फाटकी आहे. तेवढं शिवून द्या, मी तिला परत वर घेते."

मी शिवायला बसले. वर्गात मी सर्जन व्हायची, खिशाला पेन लावून, कपाळाला आठ्या घालून. मुलींनी मला खोटा फोन लावायचा. रोहिणीचा पहिला फोन असा: "सर, पेशंट इज बॅड. कम." सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "अगं, हुकूम सोडतेस का मला? कुड घाल, माइट घाल. तुला काय वाटतं ते त्यांनाच वाटतंय असं त्यांना वाटायला हवं."

ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, थोडक्यात घाबरून बोलायचं."

"घाबरून नाही गं, जपून."

"जपून कोणाला? पेशंटला की आपल्याला?"

मी हसले आणि वर्ग पुढे नेला. दुसरं काय करणार?

पण मुलगी शिकली. चादरींच्या खोलीतून सुटायचं होतं तिला, त्यामुळे जीव तोडून शिकली. शेवटच्या दिवशी तिने मला फोन लावला आणि इतकं मऊसूत वाक्य टाकलं, की मी सर्जनपणा विसरून टाळ्या वाजवल्या. ती परत वॉर्डात गेली. दोन-तीन वर्षांत मजल्याची इनचार्ज झाली. मग मी वर्ग कमी केले, करता करता बंदच केले. ती दिवाळीत फोन करायची. तिचं चांगलं झालं याचा मला अभिमान होता, तो का लपवू?

आणि मग ती दुपार.

अरविंदना पित्ताचे खडे झाले होते. अलीकडे हे ऑपरेशन म्हणजे काहीच नाही म्हणतात. पोटाला छोटी भोकं पाडतात, दुर्बीण घालतात, पित्ताशय काढतात, दोन दिवसांत घरी. रोहिणी आहे म्हणून आम्ही तेच हॉस्पिटल घेतलं. शनिवारी ऑपरेशन झालं. छान झालं. रविवारी सकाळी अरविंद चहा प्यायले, पेपर मागितला, पेपरातल्या चुकांवरून माझ्याशी भांडलेसुद्धा. मुलगी बाळंतपणाला टेकलेली, पुण्यात. तिला मी फोनवर सांगितलं, "बाबा उत्तम आहेत, तू धावपळ करू नकोस." नेहमी मला भीती वाटते, त्या दिवशी मात्र वाटत नव्हती.

जेवणानंतर त्यांना जांभया यायला लागल्या. एकामागून एक, लांब लांब. पाणी दे म्हणाले. दिलं. परत दे म्हणाले. मी म्हटलं, झोप येतेय, पडा जरा. रोहिणी औषध द्यायला आली, तेव्हा मी कौतुकाने सांगितलं, "बघ, रात्रभर झोप नव्हती ना, आता कशा जांभया देतायत." तिने हातातला ट्रे खाली ठेवला. त्यांचं मनगट धरलं. नखं दाबून पाहिली. पांघरूण बाजूला करून पोटावर हलका हात ठेवला, तर अरविंद कळवळले. "काका, खांदा दुखतोय का?" तिने विचारलं. ते म्हणाले, "हो गं, मघापासून." पोटात रक्त साचलं की खांद्यात कळ येते, हे मला मागाहून कळलं. तिचा चेहरा बघून मी वळून अरविंदकडे नीट पाहिलं. झोपेचा चेहरा असा नसतो हे मला तेव्हा दिसलं. ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर गार घाम होता.

मजल्यावर एक शिकाऊ डॉक्टर होता. रोहिणीने त्याला बोलावलं. त्याने ब्लडप्रेशर घेतलं. थोडं उतरलं होतं, फार नाही. तो म्हणाला, "सिस्टर, मोठ्या सरांना विचारून घ्या ना." म्हणजे ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन. रोहिणी म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही विचारा." तो म्हणाला, "सरांना रविवारी फोन केलेला आवडत नाही. तुम्ही इनचार्ज आहात, तुमचं ऐकतील." देवाशप्पथ सांगते, माझ्या माणसाच्या उशाशी उभं राहून ती दोघं कोणी घाबरायचं ते ठरवत होती, आणि मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

रोहिणी नर्सेसच्या टेबलापाशी गेली. मी मागोमाग गेले. तिने फोन लावला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "सर, सॉरी टू डिस्टर्ब. आय वंडर इफ यू कुड परहॅप्स हॅव अ लुक. देअर माइट बी सम ब्लीडिंग." सर, त्रास देते, आपल्याला जमलं तर एकदा बघता येईल का, थोडा रक्तस्राव असू शकेल कदाचित.

काय सांगू तुम्हाला, ते वाक्य निर्दोष होतं. शंभरपैकी शंभर. एक क्षण, अगदी एक क्षण, माझ्यातल्या मास्तरणीची छाती भरून आली. आणि पुढच्या क्षणी पायाखालची जमीन सरकली. कारण त्या वाक्यात घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पलीकडे जेवणाच्या ताटावर बसलेल्या माणसाला ते ऐकून घास खाली ठेवावासा वाटला नसता. वाटला नाहीच. फोनमधून आवाज आला, "प्रेशर किती? ठीक आहे. ऑब्झर्व करा. संध्याकाळी राउंडला बघतो."

संध्याकाळ! भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, तू का नाही फोन हिसकावून घेतलास? तुझा नवरा ना तो? घेतला नाही. एक भीती मानगुटीवर बसली होती, जी हॉस्पिटलात बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला माहीत असते. डॉक्टर दुखावले तर? आपला माणूस त्यांच्या हातात आहे, त्यांना उलट बोललो आणि त्यांनी मनात धरलं तर? मी खोलीत परतले आणि अरविंदचे पाय चोळत बसले. पाय गार होते. ते काहीतरी पुटपुटत होते. बँकेतल्या कुठल्या तरी माणसाला नावाने हाका मारत होते. मी म्हटलं, "अहो, मी आहे इथे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख लागायला वेळ लागला. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही धड आठवेना.

रोहिणी परत आली. परत प्रेशर घेतलं. आता जास्त उतरलं होतं. तिने सलाइन जोरात सोडलं, शिकाऊ डॉक्टरला रक्ताच्या बाटल्यांची तयारी करायला पळवलं, आणि पुन्हा फोन केला. तो मी दारातून ऐकला, तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. पुन्हा कुड, पुन्हा माइट, फक्त आवाज कापत होता. पुन्हा तिकडून, "सिस्टर, सांगितलं ना, येतो संध्याकाळी." ती आत आली आणि माझी नजर चुकवून सलाइनच्या नळीशी चाळा करत उभी राहिली.

"रोहिणी, काय झालंय यांना?"

"मॅडम, मला वाटतं कदाचित जरा आत थोडंसं..."

मी दचकले. भोईवाड्यातली ही मुलगी, आणि मराठीतसुद्धा तळाच्या पायरीवर उभी राहून बोलत होती. मी तिला शिकवलं ते फक्त इंग्रजीत राहिलं नव्हतं. मी उठले, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले.

"कदाचित नको मला. मी आज तुझी मॅडम नाही, या माणसाची बायको आहे. तुला काय दिसतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आत रक्त जातंय. खूप. आत्ता पोट उघडलं नाही तर काका संध्याकाळ बघणार नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

"मग हेच सांग त्यांना."

"मॅडम..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मागच्या वेळी हेच सांगितलं होतं. तेव्हा मी एकटी होते. आता घरात दोन लेकरं आहेत. आणि माझं चुकलं असलं तर?"

घाबरू नकोस, असं कोणत्या तोंडाने म्हणू? मी आयुष्यात कधी न घाबरता एक गोष्ट केली नव्हती. मी एवढंच म्हणाले, "मीही घाबरलेय गं. चल, मी तुझ्या शेजारी उभी राहते. चुकलं तर माझ्या नावावर."

आम्ही दोघी टेबलापाशी गेलो. ती खुर्चीत बसली नाही. मी तिचा दुसरा हात धरून ठेवला. तिने सरांच्या मोबाइलवर फोन लावला आणि तो उचलल्याबरोबर सरळ मराठीत बोलली. हॉस्पिटलात मोठ्या सरांशी कोणी मराठीत बोलत नसे, ते दादरचे असले तरी.

"सर, रोहिणी बोलतेय. काकांना आतून रक्तस्राव होतोय. माणूस जातोय सर. तुम्ही आत्ता या. ऑपरेशन थिएटर मी उघडायला लावतेय."

मग सर म्हणाले, "कोण म्हणतंय रक्तस्राव आहे म्हणून? कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं. मी म्हणतेय."

"सिस्टर, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय..."

"कळतंय. तुम्ही येत नसाल तर तसं सांगा, मी दुसऱ्या सर्जनना बोलावते. मला वेळ नाही सर."

मग फोन बंद झाला. काही न बोलता बंद झाला. आता संपलं, मला वाटलं. दुखावले. येत नाहीत. अरविंद गेले, आणि या पोरीची नोकरी पण गेली. मी काय करून बसले! रोहिणीने फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि वॉर्डबॉयला ओरडली, "स्ट्रेचर आणा! बघत काय बसलात?" आवाज थेट तिच्या आईचा होता.

सर आले. घरातले कपडे, पायात सपाता, केस विस्कटलेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अरविंदच्या पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा जो पडला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "चला, चला, चला," म्हणाले आणि स्ट्रेचर स्वतः ढकलत धावले. थिएटरचं दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

मग बाहेर बसणं. ते काही मी लिहिणार नाही, लिहिता येत नाही. मुलीला फोन करावा की नाही हे ठरत नव्हतं. केला तर या अवस्थेत ती काय करेल, नाही केला तर उद्या काय सांगू. मोबाइल हातात धरून मी भिंतीला टेकून उभी होते. कोणीतरी बसा म्हणालं, पण बसलं की वाईट बातमी येईल, असं काहीतरी डोक्यात घेतलं होतं. रोहिणीची ड्यूटी संपली होती. ती घरी गेली नाही. युनिफॉर्म बदलायलासुद्धा गेली नाही. दोनदा आत जाऊन आली, पण मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खिडकीबाहेर उजेड कमी व्हायला लागला तेव्हा सर बाहेर आले. मास्क गळ्यात लोंबत होता. सवयीने इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, वी फाउंड द ब्लीडर. ही शुड बी ऑल राइट नाउ." रक्त जात होतं ती जागा सापडली, आता ते बरे व्हायला हवेत.

शुड! दुसऱ्या कोणा बायकोने ते ऐकून हात जोडले असते. मला त्या शब्दामागे सोडलेली पळवाट आरपार दिसली. व्हायला हवेत, आणि नाही झाले तर? जन्मभर मी ज्या शब्दांवर जेवले ते शब्द माझ्या अंगावर धावून आले. मला रडूच फुटलं. मी म्हणाले, "डॉक्टर, पाया पडते तुमच्या. मला मराठीत सांगा."

मराठीत काय सांगावं ते त्यांना सुचेना. मग माझ्याजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत धपकन बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. किती थकला होता तो माणूस, मी तेव्हा पाहिलं.

"काकू, आत पोट उघडलं ना, तेव्हा मला भीती वाटली होती," ते म्हणाले. "खूप. आता नाही वाटत."

विश्वास ठेवावा की नाही, कळेना. मी मान वळवून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या रोहिणीकडे पाहिलं. तिने माझ्या डोळ्यांत बघून 'हो' अशी मान हलवली. मगच मी खाली बसले.